केसांचा ताळेबंद : स्त्रियांमधील केसगळती, कारणे आणि उपचार

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेल्या एमआयडीसीत, स्त्रियांचा वावर आता नवा राहिलेला नाही. कापड आणि तयार कपड्यांच्या विभागांत, मालाच्या तपासणीच्या टेबलांवर, भांडारात आणि हिशोब खात्यात त्या काम करतात. समाजातील अनेक उद्योजक घरांतील सुना-लेकी कारखान्याचे कार्यालय स्वतः सांभाळतात. कामाच्या जागी केस टोपीखाली किंवा घट्ट अंबाड्यात बंदिस्त असतात. त्यामुळे ते विरळ होऊ लागले तरी बाहेर कोणाच्या लक्षात येत नाही. न्हाणीघराच्या जाळीत अडकलेला केसांचा गुंता मात्र त्या स्त्रीला दर न्हाणीला दिसतो. ती तो कागदात गुंडाळून टाकून देते आणि त्याविषयी कोणापाशी बोलत नाही.

पुरुषाच्या टकलाची चेष्टा होते, पण ते सर्वांनी स्वीकारलेले असते. स्त्रीचे केस गळू लागले की तिच्या वाट्याला मौन येते. अविवाहित मुलगी असेल तर आईवडिलांची चिंताही. या मौनाची किंमत दुहेरी असते. एक म्हणजे जाहिरातीतील तेले, शाम्पू आणि गोळ्या यांवर होणारा खर्च. दुसरी किंमत अधिक जड आहे. केसगळती हा पुष्कळदा स्वतंत्र आजार नसतो. रक्तक्षय, थायरॉईडचा विकार किंवा अंतःस्रावांचे असंतुलन यांची ती पहिली खूण असू शकते. केसांवर पांघरूण घातले, की त्यामागचा आजारही झाकला जातो.

रोजची आवक-जावक

मनुष्याच्या डोक्यावर साधारणतः १,००,००० केस असतात आणि प्रत्येक केसाचे स्वतंत्र चक्र चालू असते. केस २ ते ६ वर्षे वाढतो, महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर. त्यानंतर २-३ आठवड्यांचा संक्रमणकाळ आणि मग सुमारे ३ महिन्यांची विश्रांती. विश्रांती संपली की जुना केस गळतो आणि त्याच मुळातून नवा केस वर येतो. कोणत्याही क्षणी ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात. उरलेले बहुतेक विश्रांतीत असतात. म्हणून दिवसाला ५० ते १०० केस गळणे हे निरोगीपणाचेच लक्षण होय. आठवड्यातून दोनदा न्हाणाऱ्या स्त्रीला तीन-चार दिवसांचे सुटलेले केस एकाच वेळी दिसतात. तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही.

व्यापारी घरातील वाचकांना हा हिशोब नवा वाटू नये. दुकानातील माल कमी झाला तर दोन शक्यता तपासाव्या लागतात : विक्री वाढली की खरेदी घटली? केसांचेही तसेच आहे. कधी जावक एकाएकी वाढते. केस मुठीने येतात, पण मुळे शाबूत असतात. कधी जावक नेहमीचीच असते, पण नव्याने येणारा केस दरवेळी अधिक बारीक आणि आखूड असतो. पहिल्या प्रकारात भीती अधिक आणि धोका कमी असतो. दुसऱ्या प्रकारात भीती वाटत नाही आणि नुकसान मात्र वर्षानुवर्षे साचत जाते. उपचाराचा मार्ग या भेदावरच ठरतो.

तीन महिन्यांपूर्वीची नोंद

पहिल्या प्रकाराला वैद्यकशास्त्रात टेलोजेन एफ्लुव्हियम असे नाव आहे. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये त्याचे वर्णन केले. शरीराला मोठा धक्का बसला की ते खर्चाला कात्री लावते, आणि केसांची वाढ हा त्याच्या दृष्टीने टाळता येण्याजोगा खर्च असतो. वाढीतील पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात. विश्रांती संपायला २-३ महिने लागतात. म्हणून धक्का आज बसला तरी केस तेव्हा गळतात.

हा अवधी ध्यानात न घेतल्याने सर्वाधिक गैरसमज होतात. समजा, हिशोब खात्यातील एखाद्या स्त्रीला दिवाळीच्या सुमारास डेंग्यू झाला. ती बरी झाली, कामावर रुजू झाली आणि माघात केस गळू लागले. दोष त्या महिन्यात बदललेल्या शाम्पूला किंवा मार्चअखेरच्या कामाला दिला जातो. खरी नोंद तीन महिने मागच्या पानावर असते. करोनाच्या साथीनंतर बऱ्या झालेल्या असंख्य लोकांनी हाच अनुभव घेतला. तीव्र ताप, शस्त्रक्रिया, मोठा रक्तस्राव, जवळच्या माणसाचा मृत्यू, झपाट्याने घटवलेले वजन आणि बाळंतपण ही यामागची परिचित कारणे आहेत.

बाळंतपणाविषयी थोडे अधिक सांगणे अगत्याचे आहे. गर्भारपणात संप्रेरकांमुळे केसांची वाढीची अवस्था लांबते आणि केस दाट वाटतात. प्रसूतीनंतर तो पाठिंबा जातो आणि २ ते ४ महिन्यांनी साठलेले केस एकत्र गळतात. बाळाने हात लावला म्हणून किंवा बाळंतिणीने डोक्यावरून पाणी घेतले म्हणून हे घडत नाही. बाळ साधारण वर्षाचे होईपर्यंत केस बहुधा पूर्ववत होतात.

कारण दूर झाले की या प्रकारची गळती सामान्यतः ६ महिन्यांच्या आत थांबते. त्याहून अधिक काळ ती चालू राहिली, तर लोहाची कमतरता, थायरॉईड, अपुरा आहार किंवा चालू असलेले एखादे औषध यांपैकी काहीतरी अजून कायम आहे असे समजावे.

भांग रुंदावतो तेव्हा

दुसरा प्रकार शांतपणे येतो. कपाळावरची केसांची रेषा जागेवर राहते, पण मधला भांग रुंद होत जातो, शेपटा बारीक होतो आणि उजेडात माथ्याची त्वचा दिसू लागते. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १९७७ मध्ये स्त्रियांमधील या विरळपणाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. त्या आजही वापरात आहेत. यात आनुवंशिकतेचा वाटा असतो आणि तो आई व वडील या दोन्ही घराण्यांकडून येऊ शकतो. रजोनिवृत्तीनंतर हा प्रकार अधिक आढळतो, पण विशीतील मुलीही त्याला अपवाद नाहीत.

तरुण मुलीचा भांग रुंदावत असेल आणि सोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस किंवा चेहऱ्यावर मुरमे येत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून बीजकोशांच्या विकाराची, म्हणजे पीसीओएसची, तपासणी करून घ्यावी. थकवा, वजनवाढ, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता अशी लक्षणे असतील तर थायरॉईडची तपासणी करावी.

तिसरा एक प्रकार बोलीभाषेत 'चाई' म्हणून ओळखला जातो. नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडतो. शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करते, त्यामुळे हे घडते. चाई स्पर्शाने पसरत नाही आणि ती किड्याने चाटल्यानेही पडत नाही. डोक्यावर आग होणे, खपल्या धरणे, त्वचा चकचकीत होऊन केसांची छिद्रे नाहीशी होणे ही लक्षणे मात्र तातडीची आहेत. तेथे मुळेच नष्ट होत असतात आणि एकदा गेलेले मूळ परत येत नाही. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्यास एक आठवडाही दवडू नये.

रक्तातील तुटीचा प्रश्न

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे निम्म्याहून अधिक स्त्रिया तुटीत आहेत आणि तूट वाढत आहे. हा आकडा केवळ गरिबांचा आहे असे मानणे धाडसाचे ठरेल. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले खाणारी गृहिणी संपन्न घरातही असते.

गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय धरला जातो. परंतु हिमोग्लोबिन म्हणजे हातातील रोकड. शरीरातील लोहाची शिल्लक फेरिटिन या तपासणीतून समजते. रोकड पुरेशी दिसत असतानाही शिल्लक संपत आलेली असू शकते. पाळीत रक्तस्राव अधिक होत असेल तर केवळ लोहाच्या गोळ्या घेऊन भागत नाही. त्या रक्तस्रावाचे कारण शोधावे लागते. दर महिन्याला गळती चालू असलेल्या खात्यात भरणा करीत राहण्यात अर्थ नसतो.

टोपी, अंबाडा आणि पाणी

फिरत्या यंत्राजवळ मोकळे केस जीवघेणे ठरू शकतात. म्हणून एमआयडीसीतील कामगार स्त्रियांनी केस बांधणे अनिवार्यच आहे. प्रश्न आहे तो बांधण्याच्या पद्धतीचा. आठ-आठ तास मागे ओढून घट्ट रबराने बांधलेल्या केसांची मुळे सतत ताणाखाली राहतात. कानशिलांवरचे आणि कपाळाकडेचे केस आधी विरळ होतात. जड गंगावन लावण्यानेही हेच घडते. आरंभीच सवय बदलली तर केस परत येतात; वर्षानुवर्षे ताण राहिला तर मुळे कायमची जातात. अंबाडा मानेजवळ सैल बांधावा, रबराऐवजी कापडी बंध वापरावा, टोपी सुती असावी व रोज धुतलेली असावी आणि घरी आल्यावर केस मोकळे करावेत. सुरक्षितता आणि केस दोन्ही सांभाळता येतात.

'पाणी बदलले म्हणून केस गेले' हे वाक्य नोकरीसाठी गाव सोडलेल्या घरांत हमखास ऐकू येते. जड पाण्याने केस रुक्ष होतात, तुटतातही; मुळापासून गळण्याचे ते सहसा कारण नसते. या संदर्भात बुलढाणा जिल्ह्यातील घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत डोक्याला खाज सुटून काही दिवसांतच लोकांना टक्कल पडू लागले. त्यांत तरुण मुली आणि विद्यार्थीही होते. गावोगावी भीती पसरली. सुरुवातीला संशय पाण्यावर आणि बुरशीवर गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथकही तेथे पोहोचले. विंचूदंशावरील संशोधनासाठी विख्यात असलेले पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपास केला. रुग्णांच्या रक्तात सेलेनियमचे प्रमाण फार अधिक व जस्ताचे प्रमाण कमी असल्याचे त्यांना आढळले. याचा उगम शिधावाटप दुकानातील गव्हात आहे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. पुढे बऱ्याच जणांचे केस पुन्हा उगवू लागले. या घटनेत तेल बदलून किंवा पाणी उकळून काही साधले नसते. रक्त आणि अन्न तपासले तेव्हाच दिशा सापडली.

उपचाराचा क्रम

प्रथम चौकशी, मग तपासणी आणि शेवटी औषध, हा क्रम मोडू नये. गेल्या सहा महिन्यांत काय काय घडले याची तारखांसह यादी करून ती डॉक्टरांना दाखवावी. संपूर्ण रक्ततपासणी, फेरिटिन आणि थायरॉईडचे टीएसएच या प्राथमिक तपासण्या; जीवनसत्त्व ड, ब-१२ आणि संप्रेरकांच्या तपासण्या डॉक्टरांनी सांगितल्यास कराव्यात.

भांग रुंदावण्याच्या प्रकारात सर्वाधिक अभ्यासलेले औषध म्हणजे मिनॉक्सिडिल. मुळात ही रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले आणि हा दुष्परिणामच पुढे उपचार ठरला. अमेरिकेत १९८८ मध्ये पुरुषांसाठी आणि १९९१ मध्ये स्त्रियांसाठी ते डोक्याला लावण्याच्या स्वरूपात मान्य झाले. यासंबंधी तीन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. पहिल्या काही आठवड्यांत केस अधिक गळू शकतात. परिणाम दिसण्यास ४ ते ६ महिने लागतात. औषध थांबवले की मिळालेला लाभ हळूहळू ओसरतो. गर्भवती आणि स्तनदा मातांनी ते वापरू नये. पुरुषांना दिले जाणारे फिनास्टेराइड घरात आहे म्हणून स्त्रीने कधीही घेऊ नये. गर्भावर, विशेषतः मुलाच्या गर्भावर, त्याचा गंभीर परिणाम होऊ शकतो. चाईसाठी स्टेरॉइडची इंजेक्शने आणि मलमे उपयोगी पडतात. स्वतःच्या रक्तातील घटक डोक्यात टोचण्याचा उपचार महाग आहे आणि त्याची सर्वमान्य एकच पद्धत अजून ठरलेली नाही. खर्चापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

हा सारा खर्च परवडेल का, हा प्रश्न कामगार स्त्रीपुढे असतो. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या आणि कर्मचारी राज्य विमा योजनेखाली नोंद असलेल्या कामगाराला व त्याच्या कुटुंबाला वैद्यकीय सेवा मिळते. २०१९ पासून वेतनाच्या ०.७५ टक्के कामगाराकडून आणि ३.२५ टक्के मालकाकडून या योजनेसाठी भरले जातात. पैसे दरमहा कापले जातात, पण हक्क वापरला जात नाही, अशी खाती पुष्कळ असतात. समाजातील ज्या उद्योजकांचे कारखाने या वसाहतीत आहेत, त्यांनी आपल्या स्त्री कामगारांना ही माहिती स्वतःहून द्यावी. कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजेच सीपीआर, हाही शासकीय आधार आहे.

बाटलीवरची आश्वासने

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या 'जे' अनुसूचीत अशा विकारांची यादी आहे, की जे बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. टक्कल आणि नवे केस उगवणे यांचा समावेश त्या यादीत आहे. समाजात औषध व्यापारी पुष्कळ आहेत. त्यांना हे ठाऊक असावे आणि ग्राहकांनाही असावे.

तेलाचे काम मर्यादित आहे, पण खोटे नाही. २००३ मध्ये मुंबईतील संशोधकांनी दाखवून दिले की खोबरेल तेल केसातील प्रथिनांची हानी कमी करते. सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल तसे करीत नाहीत. म्हणजे आजीचा खोबरेलाचा आग्रह योग्य होता. मात्र ते संरक्षण उगवलेल्या केसाला मिळते. मुळाशी नवा केस उगवत नाही. कांद्याच्या रसाचाही मोठा गवगवा होतो. २००२ मध्ये इराकमधील एका छोट्या अभ्यासात तो चाईवर वापरला गेला होता. सर्वसाधारण केसगळतीशी त्याचा संबंध नव्हता. ज्यांच्या घरात कांदा येत नाही, त्यांनी काही गमावले असे मुळीच मानू नये.

केसांसाठीच्या गोळ्यांविषयी अधिक सावध राहावे. बायोटिनची खरी कमतरता दुर्मिळ असते. अधिक मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉईडच्या आणि हृदयविकाराच्या रक्ततपासण्यांचे निकाल चुकू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तशी सूचना दिली होती. सेलेनियम आणि जीवनसत्त्व अ यांचा अतिरेक झाला तर केस गळतात. २००८ मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पूरक आहारात चुकून सुमारे २०० पट सेलेनियम मिसळले गेले आणि २०१ लोकांना बाधा झाली; केस गळणे हे त्यांतील प्रमुख लक्षण होते. पोषक म्हणून घेतलेली वस्तूही प्रमाण सोडले की अपाय करते.

व्रत, आहार आणि औषधाची निवड

दीर्घ उपवासानंतर केस गळू शकतात. भाद्रपदातील दशलक्षण पर्वात सलग उपवास केलेल्या स्त्रीला मार्गशीर्षाच्या सुमारास ही गळती जाणवली, तर तिने घाबरू नये. आहार सुरळीत झाल्यावर ती बहुधा थांबते. व्रत हा श्रद्धेचा आणि आत्मबलाचा विषय आहे. तथापि आधीच रक्तक्षय असलेल्या, गर्भवती किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीने आपली शक्ती पाहून आणि वैद्यांचा सल्ला घेऊनच दीर्घ उपवासाचा संकल्प करावा. यथाशक्ती हा शब्द आपल्या परंपरेचाच आहे.

चातुर्मासात हिरव्या पालेभाज्या वर्ज्य असतील तर लोहासाठी हरभरा, मटकी, मसूर, राजगिरा, तीळ आणि खजूर हे पर्याय आहेत. मोड आलेली कडधान्ये चालत नसतील तर ती भिजवून शिजवावीत. जेवणासोबत आवळा किंवा लिंबू घेतल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणाला लागून घेतलेला चहा ते अडवतो. केस हे मुख्यत्वे प्रथिनांचे बनलेले असतात, म्हणून डाळ, दूध, दही आणि ताक यांत काटकसर नसावी. गोळ्या घेताना जिलेटिनचे वेष्टन किंवा चघळण्याच्या गोळ्यांतील जिलेटिन प्राणिज असते, हे पाहावे. डॉक्टरांना तसे मोकळेपणाने सांगितले तर साध्या गोळीचा किंवा वनस्पतिजन्य वेष्टनाचा पर्याय बहुधा मिळतो. संकोचाने औषधच टाळणे हा मार्ग नव्हे.

आपल्या समाजाला केशलोच परिचित आहे. आर्यिका माताजी स्वेच्छेने केसांचा त्याग करतात, तेव्हा तो वैराग्याचा अंगीकार असतो आणि पाहणाऱ्यांचे हात आपोआप जुळतात. त्या आदर्शाचा दाखला देऊन 'केसांचे एवढे काय' असे एखाद्या सुनेला ऐकवणे मात्र न्यायाचे नाही. तिने त्याग केलेला नसतो. तिच्या शरीरात काहीतरी बिघडलेले असते आणि ते कोणी विचारत नसते. सासूने, आईने किंवा पतीने तिला सोबत घेऊन रक्ततपासणी करून आणावी. पुढील तारीख दिनदर्शिकेवर लिहावी. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर हिमोग्लोबिन सुधारले म्हणून त्या मध्येच बंद न करता, शिल्लक भरून निघेपर्यंत डॉक्टरांनी सांगितलेले महिने पूर्ण करावेत. केस परत येण्यास निदान सहा महिने लागतील. तोवर त्याविषयी घरात रोज विचारणा करू नये.